अर्धवेळ ग्रंथपाल आणि पूर्णवेळ पडदा

महाराष्ट्रातील खाजगी शाळांमधील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे नियमन करणारा कायदा १९७७ साली झाला आणि त्याखालील नियमावली १९८१ साली आली. या व्यवस्थेत शाळेच्या ग्रंथपालाची गणना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत होते. लिपिक, प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई यांच्याच रांगेत त्याचे आसन. यांपैकी कोणाचेही काम हलके आहे असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, ते त्याला का रुचेल, आणि त्यानंतर कोणते द्यावे हे ठरविणे, हे शिकविणे नव्हे तर दुसरे काय आहे? शासनाने या प्रश्नाचे उत्तर वर्गवारी करून देऊन टाकले आहे. त्या वर्गवारीचे परिणाम आता, प्रत्येक शाळेत पडदे आणि संगणक येत असताना, अधिक स्पष्टपणे दिसू लागले आहेत.

ग्रंथपालाचे पद विद्यार्थिसंख्येवर ठरते. शाळा मोठी असेल तर पूर्णवेळ, मध्यम असेल तर अर्धवेळ आणि लहान असेल तर नाहीच. वाचनाची गरज मुलांच्या गर्दीवर अवलंबून असते असा काहीसा सिद्धांत यामागे असावा. वास्तविक लहान गावातल्या लहान शाळेतील मुलाच्या घरी पुस्तके नसण्याचा संभव अधिक. म्हणजे ज्याला ग्रंथालयावाचून दुसरा आधार नाही, त्यालाच ग्रंथपाल नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची व गोष्टींची पुस्तके असावीत असे म्हटले आहे. ती पुस्तके कपाटाबाहेर काढणाऱ्या माणसाचा उल्लेख मात्र तेथे नाही. शाळांची राष्ट्रीय आकडेवारी गोळा करतानाही ग्रंथालय, पुस्तकपेढी आणि वाचनकोपरा हे एकाच रकान्यात मोजले जातात. वर्गाच्या कोपऱ्यात दोरीवर टांगलेली वीस पुस्तके असली तरी रकाना भरतो.

ही कथा जुनीच आहे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांची पाहणी केली, तेव्हा बहुसंख्य शाळांतील ग्रंथालये नावापुरतीच आहेत, पुस्तके जुनी व मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली आहेत आणि ती एखाद्या लिपिकाच्या वा उदासीन शिक्षकाच्या ताब्यात आहेत, असा निर्वाळा त्याने दिला होता. त्यानंतर सत्तर वर्षे उलटली. तो परिच्छेद आज एखाद्या अहवालात तारीख न घालता छापला, तर फारसे कोणाच्या लक्षात येणार नाही.

या काळात शाळांत यंत्रे मात्र आली. १९८४ साली ‘क्लास’ या प्रकल्पातून ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक निवडक शाळांत पोहोचले. २००४ साली माध्यमिक शाळांसाठी माहिती-तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना आली. २०१७ साली ‘दीक्षा’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोडचे चौकोन उमटले. २०२०च्या टाळेबंदीने उरलेले काम पुरे केले. २०२३-२४ च्या ‘यू-डायस’ आकडेवारीनुसार देशातील सुमारे ५७ टक्के शाळांत संगणक आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. प्रगती वेगाची आहे यात शंका नाही.

यंत्रे येतात आणि माणूस येत नाही, याचे कारण अर्थसंकल्पाच्या रचनेत सापडते. संगणक हा एकदाच करावयाचा खर्च. त्याची निविदा निघते, त्याचे उद्घाटन होते, त्याचे छायाचित्र छापून येते. ग्रंथपालाचा पगार हा दरमहा, दरसाल आणि पुढे निवृत्तिवेतनाच्या रूपानेही चालणारा खर्च. त्याला फीत कापता येत नाही. म्हणून भांडवली खर्चाला उत्साह आणि महसुली खर्चाला काटकसर, असा आपल्याकडील रिवाज आहे. तथापि अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की, काही वस्तू एकमेकींना पर्याय असतात तर काही पूरक. कंदील आणि विजेचा दिवा हे पर्याय. कंदील आणि रॉकेल हे पूरक. संगणक आला की ग्रंथपाल नको, हा विचार पहिल्या प्रकारचा आहे. प्रत्यक्षात नाते दुसऱ्या प्रकारचे आहे.

‘असर’च्या पाहण्यांकडे या दृष्टीने पाहावे. १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलामुलींच्या २०२३ च्या पाहणीत जवळजवळ नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन होता, आणि त्याच वयोगटातील सुमारे एकचतुर्थांश मुलांना स्वतःच्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता येत नव्हता. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो अभ्यासाच्या काही कामासाठी वापरल्याचे सांगितले. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. साधन हाती आहे, त्याचा उपयोग करण्याची विद्या नाही. किंबहुना साधन आधी आले आणि अक्षर मागून येत आहे.

आता या परिस्थितीत एखाद्या तालुक्याच्या गावातील अर्धवेळ ग्रंथपालाचे काम काय असते ते पाहू. पूर्वी दाखल नोंदवही, तालिका-पत्रे आणि देवघेवीचे रजिस्टर एवढा त्याचा संसार होता. आज त्याने पुस्तकांच्या नोंदी संगणकावर करावयाच्या असतात. त्यासाठी ‘ई-ग्रंथालय’ ही शासकीय प्रणाली आहे, किंवा न्यूझीलंडमध्ये तयार झालेली, २००० सालापासून वापरात असलेली आणि कोणालाही विनामूल्य घेता येणारी ‘कोहा’ आहे. (‘कोहा’ म्हणजे माओरी भाषेत भेट.) पण मराठी नोंदी करणे म्हणजे केवळ टंकलेखन नव्हे. पूर्वी कोणी हौसेने केलेल्या याद्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अडकून पडलेल्या असतात. त्या छापता येतात, शोधता येत नाहीत. त्या पुन्हा केल्या तरी प्रश्न उरतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच, हे यंत्राला कोणी सांगावयाचे? ‘देशपांडे पु. ल.’, ‘पु. ल. देशपांडे’ आणि ‘पु.ल.’ ही तीन माणसे नव्हेत, हे कोणी ठरवावयाचे? सातवीतला मुलगा ‘शामची आई’ असे टंकित करतो आणि पडद्यावर उत्तर येते, पुस्तक उपलब्ध नाही. पुस्तक त्याच्या मागच्याच कपाटात उभे असते. ही गाठ सोडविण्याला ग्रंथालयशास्त्रात वेगळे नाव आणि वेगळी विद्या आहे. शाळेच्या दप्तरात मात्र तिला ‘डाटा एंट्री’ म्हणतात.

आणि एकदा का ‘याला संगणक येतो’ अशी ख्याती झाली, की ग्रंथपालाचे भवितव्य ठरलेच. ‘सरल’ची माहिती, ‘यू-डायस’चे रकाने, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारची जुळणी ही सारी कामे त्याच्या टेबलावर येऊन पडतात. ज्या साडेतीन-चार तासांचा त्याला पगार मिळतो, ते तास येथेच संपतात. तंत्रज्ञानाने ग्रंथपालाचा वेळ वाचावा अशी अपेक्षा होती. तो वेळ वाचला खरा, पण तो कार्यालयाने घेतला.

ज्यांनी हा वेळ राखला आहे, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे या कामाची खरी व्याप्ती कळते. मराठी घरांतील फोनवर दररोज पु. लं.च्या वा कुसुमाग्रजांच्या नावाने मजकूर फिरत असतो. त्यातला पुष्कळसा त्यांचा नसतोच. असा एखादा मजकूर फळ्यावर लिहून ‘हे खरोखर त्यांच्या कोणत्या पुस्तकात आहे, शोधून काढा’ असे नववीच्या वर्गाला सांगितले, तर एका तासात मुले लेखकाची पुस्तके चाळतात, अनुक्रमणिका पाहतात, विश्वकोशाच्या संकेतस्थळावर जातात आणि शेवटी ‘सापडले नाही’ असे लिहून आणतात. ‘सापडले नाही’ हे उत्तर देण्याचे धैर्य आपल्या परीक्षापद्धतीत कोठेच शिकवले जात नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली अमेरिकी विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा माध्यमिक शाळांच्या खालच्या इयत्तांतील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना पैसे घेऊन छापलेला मजकूर आणि बातमी यांतील फरक ओळखता आला नव्हता. संगणकांची तेथे वाण नव्हती.

असाच दुसरा पाठ स्वामित्वहक्काचा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले आहे आणि ते संगणकावरून घेऊन मुलांना वाटण्यास कसलीही आडकाठी नाही. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले. त्यांच्या कादंबरीची गटागटांतून फिरणारी पीडीएफ प्रत ही चोरी आहे. हा भेद पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नसतो. ग्रंथपालाला तो ठाऊक असला तर तो मुलांना खुल्या खजिन्याकडे नेतो: बालभारतीने उपलब्ध करून दिलेले ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक, ‘स्टोरीवीव्हर’वरील मराठी गोष्टी, विश्वकोशाच्या नोंदी. शाळेत मुलांनी फोन आणावयाचा नाही आणि पुस्तकातला क्यूआर कोड फोनशिवाय उघडावयाचा नाही, या दोन आज्ञांतून वाट काढण्यासाठी तो स्वतःचाच फोन टेबलावर ठेवतो, हेही येथे नोंदवले पाहिजे.

सगळेच जर पडद्यावर मिळते तर कागदी पुस्तकांचा अट्टहास कशाला, असा आक्षेप सुशिक्षित पालकही घेतात. तो सरसकट फेटाळण्याजोगा नाही. दूरच्या वाडीवर पुस्तकांची गाडी पोहोचत नाही तेथे पडदा पोहोचतो. परंतु २०१८ साली ५४ अभ्यासांचे आणि एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचकांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले, तेव्हा माहितीपर मजकुराचे आकलन कागदावर अधिक चांगले होते, आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, असे दिसून आले. नव्या पिढीला पडद्याची सवय झाली म्हणून तो फरक कमी झाला असेही आढळले नाही. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने, ज्याला पुढे १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, १९७१ मध्येच दाखवून दिले होते की माहिती विपुल झाली म्हणजे लक्ष दुर्मिळ होते. दुर्मिळ वस्तूची वाटणी कोणीतरी करावी लागते. शाळेत ती ग्रंथपालाने केली नाही, तर जाहिरातदार करतो.

यंत्र आणि ग्रंथ यांची सांगड आपल्याकडे कोणी घातलीच नाही, असेही नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणले. त्याने उभारलेल्या व्यवस्थेतून पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत; मुलांसाठी स्वतंत्र दालन होते; आणि त्याच ग्रंथालय खात्यात जादूचा कंदील व चलच्चित्रे दाखविणारी एक शाखाही होती. त्या काळचे हे सर्वांत नवे तंत्रज्ञान. ते ग्रंथालयाच्या हाताखाली होते, ग्रंथालयाची खोली काढून घेऊन तेथे बसविलेले नव्हते. आज कित्येक शाळांत संगणककक्षाला जागा हवी म्हणून पहिली नजर ग्रंथालयाकडेच जाते.

ग्रंथपालांची बाजू मांडताना त्यांचे दोषही झाकण्याचे कारण नाही. कुलूपबंद कपाट ही पुष्कळदा ग्रंथपालाचीच निर्मिती असते. ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, हा रंगनाथनांचा पहिला सिद्धांत १९३१ सालचा. परीक्षेत तो लिहून उत्तीर्ण झालेला माणूस नोकरीत येताच किल्ली खिशात टाकतो. पण याला आळस म्हणून सोडून देता येणार नाही. पुस्तक हरवले तर त्याची जबाबदारी आपल्यावर येईल, ही भीती त्यामागे असते. प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली तर ती फुटली म्हणून लिहिली जाते. फाटलेले पुस्तक मात्र वर्षानुवर्षे शिलकेत जिवंत राहते. दरसाल काही पुस्तके वापरून झिजणारच, हे हिशेबतपासणीने मान्य केले तर पुष्कळ कुलपे आपोआप निघतील. यास पैसा लागत नाही.

पैसा लागेल तो इतर दोन ठिकाणी. ‘समग्र शिक्षा’ योजनेत २०१८ पासून शाळेच्या प्रकारानुसार पाच ते वीस हजार रुपयांचे वार्षिक ग्रंथालय अनुदान ठेवण्यात आले. ते मार्चअखेरीस घाईघाईने खर्च न होता मुलांच्या मागणीनुसार वर्षभर वापरता यावयाचे, तर निवड करणारा माणूस हवा. आणि त्या माणसाला प्रशिक्षण हवे. २०१९ साली सुरू झालेली ‘निष्ठा’ ही प्रचंड प्रशिक्षण-योजना शिक्षक व मुख्याध्यापक यांच्यासाठी आखली गेली. स्वीडनने, जेथे शाळांतील पडदे आपल्याहून किती तरी आधी आले, २०२३ साली छापील पाठ्यपुस्तकांसाठी पुन्हा सरकारी पैसा दिला आणि पुढे शालेय ग्रंथालयात माणूस नेमलेला असलाच पाहिजे असा कायदा केला.

दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल एकाच सत्राला मिळतो. दुसऱ्या सत्रातील मुलांना ग्रंथालयाचे दार दिसते, तेही बहुधा बंद. दोन शेजारच्या शाळांतील दोन अर्धी पदे जोडून एक पूर्ण पद करणे, किंवा असलेल्या पदाला दुसऱ्या सत्राचे तास जोडणे, यासाठी नव्या धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. आकृतिबंधात विद्यार्थिसंख्येच्या शेजारी सत्रांचा एक रकाना वाढवला तरी या जूनपासून सुरुवात करता येईल.