'मे' आणि 'शॅल'

शाळेत गेलेल्या बहुतेकांना एक इंग्रजी वाक्य पाठ असते : 'मे आय कम इन, सर?' ह्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर येऊ शकते. 'मे'चे मर्म तेच. 'मे' मुभा देतो, कधी शक्यता दाखवितो. 'शॅल' बंधन घालतो.

व्याकरणात हे दोघे भाऊच. दोन्ही साहाय्यक क्रियापदे. त्यांच्यापुढे मुख्य क्रियापद मूळ रूपात येते आणि कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असला तरी त्यांना 'एस' लागत नाही. जुन्या व्याकरणाप्रमाणे 'आय शॅल गो' म्हणजे नुसते 'मी जाईन'. पण 'ही शॅल गो' म्हणजे 'त्याने गेलेच पाहिजे'. कायदा बहुधा तृतीयपुरुषातच बोलतो, म्हणून तेथे 'शॅल' हुकूम ठरतो.

हा भेद आम्ही ठेच खाऊन शिकलो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, समेट फसल्यावर तंटा न्यायाधिकरणाकडे सोपविण्याबाबत सरकारला 'मे' हा शब्द लावलेला होता. १९९८ साली आम्ही हस्तपत्रकात त्याचे मराठी 'सोपवील' असे केले. 'सोपवू शकेल' असे करावयास हवे होते. कामगार भरवशावर राहिले. सरकारने तंटा सोपविला नाही आणि गेटसभेत मान वर करून उभे राहणे आम्हांस कठीण झाले.

मग एका वकिलांनी त्याच कलमातील पुढचे वाक्य दाखविले. तंटा न सोपविल्यास त्याची कारणे नोंदवून उभय पक्षांना कळविण्याबाबत तेथे 'शॅल' होता. सोपविणे सरकारच्या विचारावर होते, कारणे देणे नव्हते. आम्ही ती मागितली आणि लेखी मिळविली. उच्च न्यायालयात दाद मागावयास निदान हाती कागद आला.

न्यायालये संदर्भ पाहून कधी 'मे'लाही बंधनकारक मानतात. पण त्या आशेवर कोणी कामगारांना वचन देऊ नये. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. तरी कोणताही इंग्रजी कायदा हाती आला, की आम्ही प्रथम ह्या दोन शब्दांखाली रेघ ओढतो. 'मे' असेल तेथे पटवून द्यावे लागते. 'शॅल' असेल तेथे हक्काने मागावे.