पटापाशी जागा कोणाला?

बुद्धिबळाचा पट मोठा निःपक्षपाती असतो. त्याच्या चौसष्ट घरांत कोणाची जात वा श्रीमंती चालत नाही. परंतु पटापाशी कोणाला बसू द्यावयाचे, हे पट ठरवीत नाही. ते माणसे ठरवितात. आपला खरा कस तेथेच लागतो.

१९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा केवढे वादळ उठले! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षांना द्यावा लागला.

अंध खेळाडूंसाठी तर पटाचीच घडण बदलली. काळी घरे किंचित उंच, प्रत्येक घरास भोक, सोंगटीस खाली खुंटी. खेळाडू बोटांनी डाव वाचतो. खेळी मोठ्याने सांगितली जाते. सोंगटी चाचपल्याने हात लावला असे होत नाही; भोकातून उचलली, तरच तसे मानतात. ही दया नव्हे, हा न्याय होय.

आणि यात खेळाचाही लाभच आहे. सोंगट्या त्याच बत्तीस. पण नवा माणूस बसला, की नवा डाव जन्मास येतो. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, कोनेरू हम्पी यांच्यावर मात करून महिला विश्वचषक जिंकला व ग्रँडमास्टर हा किताब मिळविला.

तेव्हा या सुटीत घरी पट मांडाल, तर ज्याला आजवर कोणी बोलाविले नाही, त्याला आधी हाक मारा. पहिली खेळी तीच!