सहा ते चौदा: एका हक्काचा मागोवा

राज्यघटना लागू झाल्यापासून २०२३ पर्यंत तिच्यात १०६ दुरुस्त्या झाल्या. त्यांतल्या बहुतेक सरकारच्या गरजेतून आल्या. कुठे कर आकारायचा होता, कुठे नवं राज्य करायचं होतं, कुठे न्यायालयाच्या निकालातून वाट काढायची होती. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मागितल्या आणि अखेर पदरात पाडून घेतल्या, अशा दुरुस्त्या मोजक्याच. २००२ ची ८६वी दुरुस्ती त्यांतली एक. तिने घटनेत कलम २१-अ आणलं आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. या मागणीचा माग काढत गेलं की आपण १८८२ च्या पुण्यात पोचतो. हक्काचा अंमल सुरू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. मधली १२८ वर्षं नीट पाहिली, तर पुढची घटनादुरुस्ती कोणती हवी हेही कळतं.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी विल्यम हंटर यांच्या शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. सरकारच्या तिजोरीत जमणारा पैसा मुख्यतः रयतेच्या कष्टाचा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर. तेव्हा निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. नुसती मागणी करून ते थांबले नाहीत. शाळेत काय शिकवावं हेही त्यांनी लिहून दिलं: मोडी आणि बाळबोध, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, पगार महिना बारा रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस द्यावा. आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवण्याची शिफारस केली. सक्तीचा मुद्दा तसाच राहिला.

पुढे संस्थानांनी ते करून दाखवलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. हे उदाहरण डोळ्यांपुढे असताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडलं. ते फार मोठं मागत नव्हते. सहा ते दहा वर्षांची मुलं, सुरुवात मुलग्यांपासून, आणि तीही जिथे स्थानिक संस्था तयार असतील तिथे. सरकारने लोकांची तशी मागणी नाही आणि प्रांतिक सरकारं अनुकूल नाहीत असं सांगितलं. खर्चाचं कारण होतंच. १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. गोखले १९१५ मध्ये गेले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९१७ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. साम्राज्याला जे परवडत नव्हतं, ते कोल्हापूर संस्थानाला परवडलं. पैसा नाही हे कारण तिथेच खोटं पडलं होतं.

स्वातंत्र्य आलं तेव्हा हा हक्क अगदी उंबरठ्यावर होता. १९४७ मध्ये घटना समितीच्या मूलभूत हक्क उपसमितीने तो मूलभूत हक्कांमध्ये घातला होता. सल्लागार समितीत तो तिथून निघाला आणि मार्गदर्शक तत्त्वांत गेला, म्हणजे न्यायालयात मागता न येणाऱ्या आश्वासनांत. २३ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत हे आश्वासन फक्त प्राथमिक शिक्षणापुरतं ठेवावं अशी सूचना आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला लावायला घटनाच मनाई करते, मग तेवढ्या वयापर्यंत ते मूल शाळेतच असलं पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. चौदाचा आकडा आला तो असा, मुलाला कामापासून वाचवण्याच्या विचारातून. कलम ४५ ने त्यासाठी दहा वर्षांची मुदतही दिली. ती २६ जानेवारी १९६० ला संपली. १ मे रोजी महाराष्ट्र राज्य जन्माला आलं तेव्हा मुदत उलटून तीन महिने झाले होते.

त्यानंतरच्या तीस वर्षांत आयोग आणि योजना आल्या. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणाला द्यावा असं सांगितलं. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. ते सहा टक्के आजही गाठले गेलेले नाहीत. याच काळात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणात शाळा नेत होत्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. शिक्षण सहाव्या वर्षी सुरू होत नाही, त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, हे या दोघींनी कामातून दाखवलं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या आणि हळूहळू देशभर पसरलेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी हा शब्द घरोघर पोचला.

दार उघडलं ते न्यायालयाने. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात आणि १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कातूनच शिक्षणाचा हक्क काढला, आणि दुसऱ्या निकालात चौदाव्या वर्षापर्यंत तो मूलभूत आहे असं ठरवलं. इथे नीट लक्ष द्यायला हवं. न्यायालयाने वरची मर्यादा घातली होती, खालची नव्हती. त्यानंतर १९९७ मध्ये एक विधेयक आलं आणि मागे पडलं. २००१ मध्ये दुसरं आलं आणि डिसेंबर २००२ मध्ये ८६वी दुरुस्ती झाली. तिच्यात सहा ही खालची मर्यादा घालण्यात आली. सहाच्या आतली मुलं बदललेल्या कलम ४५ मध्ये, म्हणजे पुन्हा आश्वासनात गेली. न्यायालयाने दिलेलं काही दुरुस्तीने पक्कं केलं आणि काही काढूनही घेतलं. हे कठोर वाटेल, पण खरं आहे. शिवाय कायदा होऊन अंमल सुरू व्हायला आणखी सव्वासात वर्षं गेली.

तरीही २०१० नंतर जे झालं ते कमी लेखू नये. ठराविक अंतरात शाळा, खासगी शाळांत २५ टक्के जागा, तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असलेली शाळा व्यवस्थापन समिती हे सारं या कलमामुळे मिळालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट दिली. पालक न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. हक्क घटनेत असला की काय होतं, ते इथे दिसलं.

आणि घटनेत नसला की काय होतं, ते ऊसतोडीच्या फडावर दिसतं. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून, पाथर्डीकडून गाड्या भरून माणसं कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने कोपीत राहायचं. सहा ते चौदाच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, गावात हंगामी वसतिगृहं झाली. ती अपुरी आहेत, पण त्यांच्यासाठी कायद्याचं बोट धरून भांडता येतं. तीन-चार वर्षांचं मूल मात्र फडाच्या बांधावर निजतं. त्याची अंगणवाडी गावात राहिलेली असते. आणि आठवी झालेली मुलगी भावंडं सांभाळते, मोळ्या बांधते, आणि बऱ्याचदा सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावून आणखी एक कोयता उभा केला जातो. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे. पण ती शासन निर्णयाने दिलेली सवलत आहे, आणि एक शासन निर्णय दुसऱ्याने बदलता येतो. या मुलीला शाळेत ठेवायची जबाबदारी घटनेने कुणावरच टाकलेली नाही.

म्हणून नागरिकांनी आता मागायची दुरुस्ती अगदी छोटी आहे. कलम २१-अ मधले सहा आणि चौदा काढावेत, तीन आणि अठरा घालावेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत हाच वयोगट शिक्षणात आणायचं उद्दिष्ट मान्य केलं आहे. फक्त धोरण न्यायालयात दाखवून हक्क मागता येत नाही. बाबासाहेबांचा १९४८ चा युक्तिवाद आज लावला, तर उत्तर अठराच येतं, कारण धोक्याच्या कामांना अठरापर्यंत बंदी आहे आणि काही कायद्यांत बालकाची व्याख्याही अठराचीच आहे. आकडा बदलण्यात अवघड काही नाही. १९८९ मध्ये ६१व्या दुरुस्तीने मतदानाचं वय एकवीसचं अठरा केलं, तेही असंच. या बदलाला संसदेचं विशेष बहुमत लागेल. राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागणार नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न पुन्हा विचारला जाईल. तो १९११ मध्ये विचारला गेला होता, १९४७ नंतर विचारला गेला, २००२ नंतरही विचारला गेला. प्रत्येक वेळी मुलांच्या एका पिढीने त्याची किंमत मोजली. खर्च मोठा आहे हे मान्य करूनच ही मागणी करायला हवी, कारण फुल्यांनी शिक्षकांच्या पगारासकट हिशेब मांडूनच ती केली होती.

आपली घटना नागरिकाला थेट दुरुस्ती मांडू देत नाही. पण ग्रामसभेत ठराव करता येतो, शाळा व्यवस्थापन समितीतून तो पुढे पाठवता येतो, आणि लोकसभेची मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारता येतं. गोखल्यांना सांगितलं गेलं होतं की लोकांची मागणीच नाही. ते उत्तर कुणालाही पुन्हा देता येऊ नये, एवढं आपल्या हातात आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि ठराव लेखी करून घ्या.