गृध्रसी
गृध्रसी किंवा सायटिका म्हणजे कमरेपासून नितंब, मांडीची मागील बाजू व पोटरी या मार्गाने पावलापर्यंत उतरणारी चेताजन्य वेदना होय. हा स्वतंत्र रोग नसून एक लक्षण आहे. वेदना बहुधा एकाच पायात होते. सोबत मुंग्या, बधिरता किंवा स्नायूंचा अशक्तपणा असू शकतो.

सायटिक चेता ही शरीरातील सर्वांत जाड चेता असून ती कमरेच्या खालच्या भागातील चेतामुळांपासून बनते. दोन मणक्यांमधील चकती सरकून या मुळांवर दाब आला किंवा दाह झाला, की पायात वेदना जाणवते. कारण मात्र पाठीत असते. विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये हा संबंध स्पष्ट केला. उतारवयात मणक्यातील मार्ग अरुंद झाल्यानेही हा त्रास होतो.

बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्यापेक्षा झेपेल तितकी हालचाल हितावह ठरते. मात्र लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, गुदद्वाराभोवती बधिरता येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी तातडीचे उपचार न मिळाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते.