बेचाळीस अंशांचे पाणी

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी कापेश्वर येथे गरम पाण्याचे झरे आहेत. नांदेड जिल्ह्यातले उनकेश्वरही अशाच झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. इथे जवळपास ज्वालामुखी नाही. जमिनीत खोल जावे तसे दर किलोमीटरला तपमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. खोलवर मुरलेले पावसाचे पाणी तापते आणि खडकांतील भेगांवाटे वर येते. जपानात मात्र अनेक ठिकाणी भूगर्भातील तप्त शिलारसच ही चूल पेटती ठेवतो.

अशा झऱ्याला जपानी लोक ऑन्सेन म्हणतात. झऱ्याकाठी मुक्कामासाठी पारंपरिक पद्धतीची हॉटेले असतात. यामानाशी प्रांतातील केइउनकान हे त्यांतले एक, इ. स. ७०५ मध्ये सुरू झालेले! पाहुण्याने दारातच जोडे काढायचे, चटयांच्या खोलीत चहा घ्यायचा, युकाता नावाचा सुती झगा घालून स्नानाला जायचे. मात्र एकदम कुंडात उतरायचे नाही. बाहेर बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचे, मगच पाण्यात शिरायचे. कुंड सर्वांचे असते, मळ काढण्याची ती जागा नव्हे. (आपल्याकडच्या कुंडांवरही हा नियम लावावा असे मला फार वाटते.)

या कुंडांतले पाणी पुष्कळदा ४० ते ४२ अंश सेल्सियस असते आणि त्यात फार वेळ बसू नये असे सांगतात. वर्गात हे सांगताच एक विद्यार्थी म्हणाला, “सर, मे महिन्यात आपण ४५ अंशांत हिंडतो. मग ४२ अंशांचे कसले भय?”

प्रश्न मोठा मार्मिक आहे. मे महिन्यातली आपली हवा कोरडी असते. अंगावरचा घाम झटपट वाळतो आणि वाळताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो. खिडकीवरची वाळ्याची ताटी खोली थंड करते, तीच ही युक्ती. पाण्यात बुडालेल्या अंगावरचा घाम वाळणार कोठे? शिवाय पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णतावाहक आहे. शरीर ३७ अंशांचे, पाणी ४२ अंशांचे. उष्णता बाहेर जाण्याऐवजी आतच येणार.

आता हिशेब करा. स्वस्थ बसलेल्या मुलाच्या शरीरातही तासाला सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता तयार होते. वजन ५० किलो, शरीराचा विशिष्ट उष्मा ०.८३ धरला, तर तपमान एक अंश वाढायला साडेएकेचाळीस किलोकॅलरी पुरतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर अर्ध्या तासात जवळजवळ एक अंश ताप चढेल! पाण्याकडून मिळणारी उष्णता यात धरलेलीच नाही. उघडे डोके थोडीफार उष्णता घालवते, पण ते पुरत नाही.

उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पाण्यात असेतो पाण्याचा दाब पायांना आधार देतो. झटकन उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते, मेंदूला कमी पडते आणि चक्कर येते. जपानात दरवर्षी हजारो वृद्ध स्नान करताना दगावतात, तेही बहुतांशी घरच्याच टबात. म्हणून दहा मिनिटांत बाहेर यावे, तेही कठड्याला धरून, हळूहळू. आणि खोलीतला तो चहा व सोबतची गोड वडी? स्नानाला रिकाम्या पोटी, तहानलेले जाऊ नये, हाही त्यातला एक हेतू. मी इतके दिवस ते नुसते आदरातिथ्य समजत होतो.