'करलं' कुठून येतं?

तीन वर्षांचं मूल 'मी चित्र करलं' म्हणतं, तेव्हा आपण हसून 'केलं' अशी दुरुस्ती करतो. पण ती चूक मोलाची आहे. 'धरलं', 'भरलं', 'बसलं' यांतला नियम कुणी न शिकवता मुलानं हेरला आणि 'कर'ला लावला. नुसत्या पाठांतरातून हे घडत नाही. दुसऱ्या मुलाकडून ऐकलं असेल, ही शंका रास्तच. तिचं उत्तर भाषाअभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली दिलं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्यांनी नाव सांगितलं, 'वग'. मग तसेच दोन दाखवले. बहुतेक मुलं 'वग्ज' म्हणाली. शब्दच बर्कोंनी घडवलेला, मग त्याचं अनेकवचन मुलं ऐकणार कुठून? 'केलं' मात्र ऐकूनऐकूनच पक्कं होतं, म्हणून त्याला वेळ लागतो.