राजवाडा लोकांचा कसा होतो?

नवी दिल्लीत इंडिया गेटच्या परिसरात संस्थानिकांनी बांधलेल्या वास्तूंचे स्वातंत्र्योत्तर भवितव्य हा आपल्या प्रजासत्ताकाच्या इतिहासातील एक लहानसा, पण बोधप्रद अध्याय आहे. हैदराबाद हाउसमध्ये आज परदेशी राष्ट्रप्रमुखांशी वाटाघाटी होतात. बडोदा हाउसमध्ये उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. पतियाळा हाउसमध्ये न्यायालये भरतात. बिकानेर हाउसच्या आवारातून वर्षानुवर्षे जयपूरच्या बसगाड्या सुटत असत. या सगळ्यांत जयपूर हाउसच्या वाट्याला आलेली भूमिका वेगळी ठरली. ते चित्रांचे घर झाले.

१९३६ मध्ये उभी राहिलेली ही वास्तू फुलपाखराच्या आकाराची आहे. मध्यभागी घुमट आणि दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. २९ मार्च १९५४ रोजी उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते आणि पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत येथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याची धुरा सोपवण्यात आली ती हर्मन गोएट्झ या जर्मन कला-इतिहासकाराकडे. गोएट्झ यांनी त्यापूर्वी बडोद्याच्या संग्रहालयाचा कारभार पाहिला होता. मराठी वाचकांना हा दुवा महत्त्वाचा वाटेल. सयाजीराव गायकवाडांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रजेसाठी मुद्दाम संग्रहालयाची इमारत उभारली होती. दिल्लीत मात्र राजाचे निवासस्थान प्रजेसाठी खुले करायचे होते. ही दोन्ही कामे वरकरणी सारखी दिसली, तरी दुसरे अधिक अवघड असते.

ते का, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला पुस्तकांतून ठाऊक होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये लूव्र जनतेसाठी खुले झाले, तेव्हापासून राजवाड्याचे संग्रहालयात रूपांतर हे सत्तांतराचे प्रतीक मानले गेले आहे. परंतु किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या म्हणजे वास्तूचा स्वभाव बदलतो असे नाही. उंच जोती, रुंद पायऱ्या, लांबून दिसणारा घुमट या गोष्टी पाहणाऱ्याला त्याची पायरी दाखवण्यासाठीच रचलेल्या असतात. मालक बदलला तरी त्या आपले काम करत राहतात.

गेल्या हिवाळ्यात माझी थोरली बहीण बुंदेलखंडातील आमच्या गावाहून दिल्लीला आली होती. आमच्याकडे थोरल्या बहिणीला जिजी म्हणतात. जिजींचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे, वय पंचाहत्तरीच्या पुढे. जिजी, माझी पत्नी आणि दहा वर्षांची नात यांना घेऊन मी जयपूर हाउसला गेलो. प्रवेशद्वारातून आत आल्यावर जिजी थबकल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे घर कुणाचं रे? आपल्याला आत सोडतील ना?’’ आम्हाला कोणी अडवले नव्हते. तिकिटाचे पैसेही मामुली होते. अडवत होती ती केवळ इमारत. ‘‘जिजी, हे सरकारचं आहे, म्हणजे आपलंच,’’ असे मी सांगितले. चाळीस वर्षे सरकारात काढलेल्या भावाचे हे उत्तर त्यांना फारसे पटल्यासारखे दिसले नाही.

आत अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ या १९३५ च्या चित्रापुढे नात बराच वेळ उभी राहिली. ‘‘या हसत का नाहीत?’’ असे तिने विचारले. मी काही तारखा-सनावळ्या सांगण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात जिजी म्हणाल्या, ‘‘लग्न ठरलं असेल गं. विचारलं नसेल कुणी त्यांना.’’ त्यानंतर दोघींना माझी गरज उरली नाही. नंदलाल बोस यांच्या हरिपुरा चित्रांपाशी तर जिजीच वाटाड्या झाल्या. ढोल वाजवणारा, बैलाला आवरणारा, धनुकलीने कापूस पिंजणारा ही सगळी त्यांच्या ओळखीची माणसे. थंडीच्या तोंडावर रजयांचा कापूस पिंजायला पिंजारी दारात यायचा, त्या धनुकलीचा आवाज कसा घुमायचा, हे त्यांनी नातीला ऐकवले. आसपासचे दोघे-तिघेही ऐकत थांबले.

या चित्रांचा इतिहास या प्रसंगाला वेगळा अर्थ देतो. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूरला भरले. तेथील नगराची सजावट गांधीजींच्या आग्रहावरून नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातल्याच साहित्यातून केली. १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेतील हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर सुमारे चारशे चित्रे रंगवली. ती दालनासाठी नव्हतीच. अधिवेशनाच्या कमानींवर, मंडपांवर ती लावली गेली, जेणेकरून बैलगाडीतून वा पायी येणाऱ्या शेतकऱ्याला ती जाता-येता दिसावीत. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागणार नव्हती, की पायऱ्या चढाव्या लागणार नव्हत्या. आज नंदलालांच्या कलाकृती कायद्याने ‘कलानिधी’ आहेत आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. कागदावरची ही चित्रे उन्हापावसापासून जपायची तर ती भिंतींच्या आत ठेवणे अपरिहार्यच आहे. पण जतनाच्या या सोयीमुळे चित्र आणि त्याचा मूळ प्रेक्षक यांच्यामध्ये एक उंबरठा उभा राहिला आहे, हे विसरता कामा नये.

हा प्रश्न आज तातडीचा आहे. रायसीना टेकडीवरील नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या हर्बर्ट बेकर यांनी बांधलेल्या सचिवालयांत ‘युगे युगीन भारत’ हे राष्ट्रीय संग्रहालय साकारण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला आहे. त्यासाठी फ्रान्सच्या संस्थेशी करारही झाला आहे. यात एक ऐतिहासिक वर्तुळही दडले आहे. लंडनच्या प्रदर्शनातून परतलेल्या कलावस्तूंच्या आधारे १५ ऑगस्ट १९४९ रोजी आपले राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले, ते याच टेकडीवरील राष्ट्रपती भवनात. जनपथावरील स्वतंत्र इमारतीत ते १९६० मध्ये गेले. आता राष्ट्राचा संग्रह पुन्हा साम्राज्याच्या भव्य भिंतींमध्ये परतणार आहे.

निर्णयाला माझा विरोध नाही. जिथून देशावर हुकमत चालवली गेली, तिथे देशाचा इतिहास मांडला जावा यात औचित्य आहे. चिंता आहे ती आपल्या खर्चाच्या सवयीची. प्रशासनात असताना मी अनेकदा पाहिले की दगड, दिवे आणि उद्घाटन यांना निधी मिळतो, माणसांना मिळत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने सांस्कृतिक वारशाच्या जतनातील त्रुटींकडे लक्ष वेधले होते. संग्रहालयांतील रिक्त पदांचा मुद्दा संसदेच्या समित्यांनीही मांडला आहे. अभिरक्षक, जतनतज्ज्ञ आणि मार्गदर्शक नसतील, तर कितीही दालने बांधली तरी ते केवळ देखणे कोठार ठरेल.

म्हणून तीन गोष्टी आराखड्यातच असाव्यात. पहिली, वस्तूखालची माहिती नाव, माध्यम आणि सन एवढ्यावर थांबू नये. ती प्रमुख भारतीय भाषांत, चौथी शिकलेल्या माणसाला समजेल अशा शब्दांत लिहिली जावी. दुसरी, प्रवेशापाशी पहारेकऱ्याच्या आधी स्वागत करणारा प्रशिक्षित माणूस भेटावा आणि आत वृद्धांना टेकायला पुरेशी बाके असावीत. तिसरी, ज्यांच्या कामाची अवजारे, वस्त्रे आणि वाद्ये काचेमागे ठेवली जातात, त्या विणकर, कुंभार, पिंजारी, वादकांना वेतन देऊन बोलते करावे. त्यांच्याकडील ज्ञान कोणत्याही सूचीत नाही आणि ते दरवर्षी कमी होत आहे.

या तिन्हींचा खर्च बांधकामाच्या तुलनेत नगण्य आहे, पण तो दरवर्षी करावा लागतो आणि त्याची फीत कापता येत नाही. संग्रहालयाचे यश आपण अभ्यागतांच्या आकड्यावर मोजतो. शाळांच्या सहली मोजल्या की तो आकडा सहज फुगतो. त्याऐवजी गावातून आलेला किती जण आपणहून दुसऱ्यांदा आला, ही नोंद ठेवावी. ती वाढू लागली, की राजवाडा लोकांचा झाला असे म्हणता येईल.